व्हिलिस्कातील एक सकाळ आणि पाच वर्षे

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या नैर्ऋत्येला व्हिलिस्का नावाचे एक लहानसे गाव आहे. १० जून १९१२ रोजी, सोमवारी सकाळी, तेथील जोसाया मूर यांच्या घरात आठ जणांचे मृतदेह सापडले. जोसाया, त्यांची पत्नी सारा, त्यांची चार मुले हर्मन, कॅथरीन, बॉइड व पॉल, आणि त्या एका रात्रीपुरत्या मुक्कामाला आलेल्या लीना व आयना स्टिलिंजर या दोघी बहिणी. मुलांमध्ये सर्वांत मोठी लीना बारा वर्षांची होती आणि सर्वांत धाकटा पॉल पाच वर्षांचा. सगळ्यांवर कुऱ्हाडीने वार झाले होते, आणि ती कुऱ्हाडही मूर यांच्याच घरची होती. हे कोणी केले ते शंभराहून अधिक वर्षे उलटून गेली तरी सिद्ध झालेले नाही.

या प्रकरणावर जे लिहिले आणि बोलले जाते ते बहुतेक सारे ‘खुनी कोण’ या प्रश्नाभोवती फिरते. नोकरीच्या निमित्ताने आम्ही ओमाहा शहरात राहायला आलो आणि तेथून काही तासांच्या अंतरात असलेल्या या गावाची हकिगत माझ्या वाचनात आली, तेव्हा मीही आधी तोच प्रश्न घेऊन वाचत होते. हळूहळू मात्र माझे लक्ष दुसरीकडे वळले. सोमवारी सकाळी घराचे दार उघडले गेले तेव्हापासून दुपारी नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, शिपाई घराभोवती उभे राहिले तोपर्यंतच्या काही तासांत त्या घरात काय काय घडले, आणि त्या तासांची किंमत गावाने पुढे पाच वर्षे कशी चुकवली, हे मला खुन्याच्या नावापेक्षा अधिक अस्वस्थ करते. खुनी कदाचित परका असेल, कदाचित गावातला असेल. पुरावा मात्र गावाच्याच पायांखाली तुडवला गेला, आणि तो तुडवणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या मनात मूर कुटुंबाबद्दल वाईट काही नव्हते.

आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बालदिनाचा कार्यक्रम होता. त्याच्या आखणीत सारा मूर पुढे होत्या आणि त्यांच्या मुलांनी त्यात भाग घेतला होता. स्टिलिंजर बहिणी गावाबाहेरच्या शेतावर राहत. रात्रीच्या अंधारात त्यांना घरी परतावे लागू नये म्हणून कॅथरीनने त्यांना आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला, आणि जोसाया यांनी तसे विचारायला स्टिलिंजरांच्या घरी दूरध्वनी केला. आईवडील बाहेर अंगणात होते म्हणून तो मोठ्या बहिणीने घेतला आणि तिनेच होकार दिला. त्या बहिणीने पुढचे आयुष्य कसे काढले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. कार्यक्रम साडेनऊच्या सुमारास संपला, मंडळी चालत घरी आली, मुलांनी दूध-बिस्किटे खाल्ली आणि सगळे झोपले. लीना आणि आयना तळमजल्यावर दिवाणखान्याला लागून असलेल्या पाहुण्यांच्या खोलीत झोपल्या.

सकाळी सात वाजून गेले तरी मूर यांच्या घरी काही हालचाल दिसेना, म्हणून शेजारच्या मेरी पेकहॅम यांना चुकल्यासारखे वाटले. इतकी मुले असलेल्या घरात सोमवारच्या सकाळी एवढी सामसूम कधीच नसे. त्यांनी दार वाजवले, उघडून पाहिले, तर आतून बंद. मग त्यांनी मूर यांच्या कोंबड्या खुराड्यातून बाहेर सोडल्या आणि जोसाया यांचे भाऊ रॉस यांना फोन करून बोलावून घेतले. या साऱ्या हकिगतीत ही कोंबड्यांची गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. शेजारधर्म म्हणतात तो हाच, आणि तोच शेजारधर्म पुढच्या तासाभरात रस्त्यावर जमलेल्या माणसांच्याही मनात होता. रॉस यांनी स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडले, दिवाणखान्यातून पाहुण्यांच्या खोलीत डोकावले, आणि पलंगावर दोन देह व रक्त पाहून ते तसेच बाहेर आले. त्यांनी मेरी पेकहॅम यांना गावचे मार्शल, म्हणजे पोलीस अधिकारी, हँक हॉर्टन यांना बोलावायला सांगितले. हॉर्टन यांनी वरपर्यंत जाऊन सगळे घर पाहिले.

येथवर जे घडले ते कोणत्याही गावात असेच घडले असते. पुढे मात्र बिघडत गेले. हॉर्टन डॉक्टरांना आणायला निघाले आणि बातमी त्यांच्या पुढे धावली. डॉक्टर आले, त्यांच्याबरोबर चर्चचे धर्मोपदेशक आले, दुसरे डॉक्टर आले, नातेवाईक आले, मग ओळखीचे आले, आणि मग ज्यांची ओळखसुद्धा नव्हती तेही आले. शंभरेक माणसे त्या घरातून फिरून गेली असावीत, असा अंदाज पुढे केला गेला. लोक खोल्याखोल्यांतून हिंडले, मृतदेहांवरची पांघरुणे उचलून त्यांनी पाहिले, वस्तूंना हात लावले. कोणी तरी जोसाया यांच्या कवटीचा तुकडा आठवण म्हणून उचलून नेला, असेही नोंदले गेले आहे. स्थानिक नॅशनल गार्डच्या तुकडीने घराला वेढा घातला तोवर दुपार झाली होती.

मी ते घर आतून पाहिले आहे. १९९४ मध्ये ते एका दांपत्याने विकत घेऊन १९१२ मध्ये होते तसे पूर्ववत केले, आणि १९९८ मध्ये त्याची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत झाली. घर लाकडी आहे आणि मनात कल्पना केली होती त्याहून पुष्कळ लहान आहे. अरुंद जिना चढून गेले की पाऊल थेट आईवडिलांच्या खोलीत पडते, आणि मुलांच्या खोलीत जायचे तर त्याच खोलीतून जावे लागते. छत इतके खाली आहे की उंच माणूस हात वर करून त्याला सहज टेकवू शकेल. वार करताना उगारलेल्या कुऱ्हाडीने वरच्या खोल्यांच्या छताला खाचा पडल्या होत्या, असे वाचले होते. तेथे उभे राहिल्यावर त्याचे वेगळे स्पष्टीकरण लागले नाही. दोन माणसे एकमेकांना अंग चोरूनच वाट देऊ शकतील अशा त्या जिन्यावरून आणि त्या खोल्यांतून एका सकाळी शंभर माणसे गेली, तर तेथे पावलांचे, बोटांचे, कापडाच्या धाग्याचे काय उरले असेल याचा हिशेब मांडावा लागत नाही.

तरीही त्या घराने बरेच काही सांगितले होते. कुऱ्हाड पाहुण्यांच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि ती पुसण्याचा अर्धामुर्धा प्रयत्न झाला होता. तिच्याजवळ बेकनचा, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचा, एक मोठा तुकडा पडला होता. दिव्याची काच काढून बाजूला ठेवलेली आणि वात खाली केलेली होती, म्हणजे उजेड अगदी मंद हवा होता. मृतांचे चेहरे पांघरुणांनी झाकलेले होते, आरशावर आणि खिडक्यांवर कपडे टाकले होते. स्वयंपाकघराच्या टेबलावर रक्त मिसळलेल्या पाण्याचे भांडे होते आणि न खाल्लेले अन्न वाढलेले ताट होते. जोसाया यांच्या पलंगापाशी एक बूट आडवा पडला होता. त्याच्या आत रक्त होते आणि खालीही होते. यावरून तपासणाऱ्यांनी अनुमान केले की पहिल्या वारांच्या वेळी तो सरळ उभा होता, त्यात रक्त साचले, आणि खुनी मुलांच्या खोलीतून पुन्हा जोसाया व सारा यांच्याकडे परतला तेव्हा त्याचा धक्का लागून तो कलंडला. एका बुटावरून कोण कोणत्या क्रमाने मारले गेले हे सांगता येत होते. त्यामुळेच, तपासाची बुद्धी त्या काळी नव्हती असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही.

बोटांच्या ठशांच्या बाबतीत तर तसे म्हणताच येत नाही, आणि येथे आपल्या देशाचा संबंध येतो. ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत सरकारी कामात रुजली ती बंगालमध्ये. विल्यम हर्शेल यांनी जंगीपूर येथे १८५८ मध्ये करारावर हाताचा ठसा घ्यायला सुरुवात केली. पुढे एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. ती पद्धत हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते आणि त्या दोघांची नावे फार थोड्यांना माहीत आहेत, याचे मला वाईट वाटते. त्याच वर्षी जलपायगुडीत चहाच्या मळ्याच्या एका व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या सामानातील बंगाली पंचांगावर उमटलेला ठसा पूर्वी शिक्षा झालेल्या एका नोकराच्या नोंदीशी जुळला. न्यायालयाने त्या नोकराला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण केवळ ठशावरून खुनाचा आरोप मान्य केला नाही. नव्या पुराव्याला किती वजन द्यायचे याचा एवढा तोलून केलेला विचार, तोही इतक्या लवकर, मला आजही आदर्श वाटतो.

ही पद्धत १९०१ मध्ये लंडनला गेली. १९०४ च्या सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने स्कॉटलंड यार्डच्या एका सार्जंटने ती अमेरिकी अधिकाऱ्यांना शिकवली, आणि त्याच सुमारास कॅन्सस राज्यातील लेव्हनवर्थच्या संघीय तुरुंगात कैद्यांचे ठसे घेतले जाऊ लागले. व्हिलिस्काच्या खुनांनंतर तपासासाठी बोलावलेले ठसेतज्ज्ञ मॅक्लॉघ्री याच लेव्हनवर्थचे. १९११ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ठशांचा पुरावा ग्राह्य धरून एका खुन्याची शिक्षा कायम केली होती. सारांश, १९१२ च्या जूनमध्ये ज्ञान उपलब्ध होते, कायद्याची मान्यता होती, तज्ज्ञही रेल्वेने येऊन पोहोचत होता. दिव्याची काच, कुऱ्हाडीचा दांडा, पाण्याचे भांडे या वस्तू हाताळणारा घरच्यांखेरीज सोमवारच्या पहाटेपर्यंत बहुधा एकच माणूस होता. दुपारपर्यंत ते हात किती झाले हे कोणालाच सांगता येणार नव्हते. मॅक्लॉघ्री यांच्या हाती उपयोगाचे काही लागले नाही.

माग काढणारे कुत्रे त्याच रात्री शेजारच्या नेब्रास्कातून आणले गेले. ते घरापासून निघून नदीपर्यंत गेले आणि तेथे थांबले. दिवसभर माणसांनी भरून वाहिलेल्या आवारात त्या मुक्या जनावरांनी नेमका कोणाचा माग काढला, हे विश्वासाने कोण सांगणार?

हे सारे वाचताना गावकऱ्यांना दोष देणे सोपे आहे, आणि माझ्या मनाला ते पटत नाही. घरात मयत झाले की माणसे धावत जातात, मृताच्या चेहऱ्यावरचे कापड बाजूला करून शेवटचे पाहतात, ही रीत आपल्याकडेही आहे आणि ती माणुसकीची आहे. अशा वेळी उंबरठ्यावर उभे राहून ‘कोणीही आत जायचे नाही’ असे सांगणारा एक माणूस लागतो, आणि ते सांगण्याचा अधिकार त्याला आहे हे सगळ्यांना ठाऊक असावे लागते. हॉर्टन यांना गावात भांडण मिटवण्याची, दारुड्याला घरी पोहोचवण्याची सवय होती. आठ खुनांच्या घराचे काय करायचे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. शिकवलेले असूनही हेच घडते, याचे उदाहरण शोधायला १९१२ पर्यंत जावे लागत नाही. २००८ मध्ये नोएडातील एका घरात एका मुलीचा खून झाल्यावर घर माणसांनी भरून गेले, गच्चीचे कुलूपबंद दार उघडून पाहिले गेले नाही, आणि दुसरा मृतदेह दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर सापडला. २०१३ मध्ये मुलीच्या आईवडिलांना जन्मठेप झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. तेथे पोलीस होते, पंचनामा होता, प्रयोगशाळा होत्या.

पुरावा हातचा गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही. व्हिलिस्कात ती जागा गावातल्या जुन्या वैराने भरून काढली, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत विदारक भाग येथून सुरू होतो.

जोसाया मूर यांनी अनेक वर्षे फ्रँक जोन्स यांच्या दुकानात काम केले होते. जोन्स शेतीची अवजारे विकत, गावातले वजनदार गृहस्थ होते आणि राज्याच्या राजकारणात होते. पुढे ते आयोवाच्या सिनेटचे सदस्य झाले. मूर उत्तम विक्रेते होते. ते १९०७-०८ च्या सुमारास बाहेर पडले, स्वतःचे दुकान थाटले आणि जॉन डीअर कंपनीची एजन्सी त्यांच्याकडे गेली. दोघांत वितुष्ट आले. त्यात भर म्हणून जोसाया आणि जोन्स यांच्या सुनेबद्दल गावात कुजबुज होती. शिवाय मूर प्रेस्बिटेरियन आणि जोन्स मेथडिस्ट. लहान गावात इतके पुरते. कोणाचे कोणाशी पटत नाही, कोण कोणाच्या दुकानात पाय ठेवत नाही, हे तेथे शाळकरी पोरालाही माहीत असते. खून होण्यापूर्वी ही नुसती गावकी होती. खुनानंतर तिचा पुरावा झाला.

तो केला जेम्स विल्करसन या खासगी गुप्तहेराने. राज्याला गुन्हे तपासणारी स्वतःची यंत्रणा तेव्हा नव्हती, त्यामुळे बक्षिसाच्या आशेने आलेले आणि वर्गणीवर पोसले गेलेले खासगी गुप्तहेर हेच तपास करीत. बर्न्स या खासगी गुप्तहेर संस्थेकडून आलेल्या विल्करसनने असा सिद्धान्त मांडला की जोन्स यांनी विल्यम मॅन्सफिल्ड नावाच्या माणसाला पैसे देऊन हे खून करवले. त्याने सभा घेतल्या, भाषणे केली, लोकांकडून पैसे गोळा केले. १९१६ मध्ये मॅन्सफिल्डला अटक झाली. खुनाच्या सुमारास तो इलिनॉयमध्ये कामावर असल्याचे तेथील पगाराच्या नोंदींवरून दिसले आणि ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप ठेवण्यास नकार दिला. मॅन्सफिल्डने पुढे विल्करसनवर दावा लावून २,२२५ डॉलरची भरपाई मिळवली. जोन्स यांनीही बदनामीचा दावा लावला, पण तो ते हरले, आणि त्यांची राजकीय कारकीर्द त्याच वर्षी संपली. एखाद्या माणसाला खुनी ठरवणारा एकही टिकाऊ पुरावा नसताना त्याच्याच गावचे लोक त्याला खुनी मानून मोकळे झाले. जोन्स यांच्याबद्दल मला विशेष प्रेम वाटावे असे काही मी वाचलेले नाही. तरी या अन्यायाची नोंद मला खुनाच्या नोंदीइतकीच आवश्यक वाटते.

दुसरीकडे, ज्या दिशेने शोध घ्यायला हवा होता ती दिशा प्रत्येक जिल्ह्याच्या हद्दीवर तुटत होती. १९११ च्या सप्टेंबरमध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये शेजारशेजारच्या दोन घरांत सहा जण कुऱ्हाडीने मारले गेले होते. ऑक्टोबरमध्ये इलिनॉयच्या मॉनमथमध्ये तिघे आणि कॅन्ससच्या एल्सवर्थमध्ये पाच जण मारले गेले. व्हिलिस्काच्या घटनेच्या अवघ्या पाच दिवस आधी, ५ जूनला, कॅन्ससच्या पाओला गावी एक तरुण जोडपे मारले गेले. झोपलेली माणसे, रात्रीची वेळ, जवळून जाणारी रेल्वे, आणि काही ठिकाणी काच काढलेला तोच दिवा व झाकलेले तेच चेहरे. व्हिलिस्काही बर्लिंग्टन रेल्वेच्या मार्गावरचे गाव. प्रत्येक ठिकाणचा शेरीफ मात्र आपापल्या जिल्ह्यात, आपापल्या संशयितांमागे धावत होता, आणि एका गावची माहिती दुसऱ्या गावाला मिळायची ती वर्तमानपत्रातून. १९१३ मध्ये मॅक्लॉघ्री यांनी ही मालिका जोडून दाखवली आणि हेन्री ली मूर याचे नाव घेतले. त्याचा व्हिलिस्काच्या मूर कुटुंबाशी काही नातेसंबंध नव्हता. स्वतःच्या आईच्या आणि आजीच्या खुनाबद्दल त्याला मिसुरीत शिक्षा झालेली होती. तो या मालिकेचा कर्ता होता असे मला वाटत नाही, कारण आपल्या घरच्यांना मालमत्तेच्या लोभाने मारणे आणि अनोळखी घरांत शिरून झोपलेल्या मुलांना मारणे या मनाच्या दोन वेगळ्या जाती आहेत. मालिका जोडून पाहण्याची दृष्टी मात्र बरोबर होती. व्हिलिस्काला तिचे फारसे सोयरसुतक नव्हते, कारण गावाला आपला खुनी आपल्यातलाच हवा होता. परका माणूस रेल्वेतून उतरला, आठ जणांना मारून निघून गेला, असे मानले तर दुःखाला तोंड फिरवायला दिशाच उरत नाही. ओळखीच्या माणसावर राग धरता येतो.

मग आला जॉर्ज केली. हा इंग्लंडमध्ये जन्मलेला फिरता धर्मोपदेशक, अंगाने किरकोळ आणि मनाने अस्थिर. त्या रविवारी तो व्हिलिस्कात होता, चर्चमधल्या बालदिनाच्या कार्यक्रमालाही होता, आणि सोमवारी पहाटे, प्रेत सापडण्यापूर्वी, आगगाडीने निघून गेला. पुढे त्याने या प्रकरणाचा ध्यासच घेतला. दोनेक आठवड्यांनी तो परत आला आणि स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत त्या घरात फिरला. अधिकाऱ्यांना आणि नातेवाइकांना तो लांबलचक पत्रे लिहीत असे. १९१४ मध्ये टपालातून अश्लील मजकूर पाठवल्याबद्दल त्याला पकडून वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले होते. त्याच्यावर संशय घेण्यासारखे पुष्कळ होते, हे मी नाकारत नाही. पण १९१७ मध्ये त्याच्यावर जे आरोपपत्र आले त्याच्या मुळाशी पुन्हा पुरावा नव्हता. ऑगस्टच्या अखेरीस लोगन येथील तुरुंगात त्याची रात्रभर उलटतपासणी झाली आणि उजाडताना त्याने कबुलीजबाबावर सही केली. देवाच्या आवाजाने मारण्याची आज्ञा दिली, असे त्यात होते. नंतर त्याने तो नाकारला.

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, आणि नव्या साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. ही तरतूद तपासाला अडथळा आणते, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. केलीच्या त्या रात्रीबद्दल वाचल्यावर ती तरतूद करणाऱ्यांनी काय पाहिले असेल ते मला कळते. वेडाच्या सीमेवर असलेला, झोप न मिळालेला, तासन्‌तास प्रश्नांनी घेरलेला माणूस पहाटे जे बोलतो त्यातून खुनाबद्दल काही समजत नाही. त्याला प्रश्न विचारणाऱ्यांना काय ऐकायचे होते तेवढे समजते.

रेड ओक येथे खटला उभा राहिला तेव्हाही गाव दुभंगलेलेच होते. जोन्स यांच्या बाजूच्यांना केली दोषी ठरायला हवा होता, कारण त्यामुळे जोन्स यांच्यावरचा डाग पुसला जाणार होता. त्यांच्या विरोधकांनी विल्करसनच्या पुढाकाराने केलीच्या बचावासाठी पैसे उभे केले, कारण केली सुटला तर जोन्स यांच्यावरचा संशय शाबूत राहणार होता. मेलेल्या मुलांची आठवण करून देऊन दोन्ही बाजू भांडत होत्या, आणि त्या मुलांसाठी भांडणारे तेथे कोणी होते का, असा प्रश्न मला पडतो. सप्टेंबरमधल्या पहिल्या खटल्यात अकरा ज्युरी सदस्य निर्दोषतेच्या बाजूने आणि एक विरोधात, असे मत पडले आणि निर्णय होऊ शकला नाही. नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या खटल्यात केली निर्दोष सुटला. हातात जेवढा पुरावा होता तो पाहता ज्युरीने दुसरे काही करणे योग्य झाले नसते.

ते घर आता रात्रीच्या मुक्कामासाठीही मिळते. भुताखेतांची आवड असलेली माणसे लांबून येतात, कॅथरीनच्या आणि बॉइडच्या खोलीत यंत्रे लावून बसतात. त्यांतल्या कोणाला दुखवण्याची माझी इच्छा नाही. ज्याला त्या घरात जायचे आहे त्याने जावे, पण तळमजल्यावरच्या खोलीपाशी जरा जास्त वेळ थांबावे अशी माझी मनापासून विनंती आहे. घर मूर यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्या खोलीतल्या दोन मुलींचा उल्लेख बहुतेक ठिकाणी ‘पाहुण्या’ एवढाच येतो. लीनाच्या हातावर एक जखम होती. आठ जणांत तीच बहुधा जागी झाली होती आणि तिने वार अडवायला हात वर केला होता, असे तपासणाऱ्यांनी त्यावरून मानले.

केलीवर १९१७ मध्ये जो आरोप ठेवला गेला तो आठही खुनांचा नव्हता, केवळ लीनाच्या खुनाचा होता. आयना, हर्मन, कॅथरीन, बॉइड, पॉल, सारा आणि जोसाया यांच्या मृत्यूबद्दल कोणत्याही न्यायालयात कधीही कोणावर खटला चालला नाही.